कुजबुजणारा सिग्नल: खणायचा की सोडून द्यायचा?

सावकाश
काल नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होतो. एका जागी कॉईल (दांड्याच्या टोकाची धातू टिपणारी तबकडी) उजवीकडे जाताना अगदी बारीक 'टुक्' झालं. परत येताना काहीच नाही. तिसऱ्या झोक्याला पुन्हा 'टुक्'. पडद्यावर धातूचा प्रकार सुचवणारा आकडा ४१, मग १७, मग नुसत्या रेघा. सोबतचा मित्र म्हणाला, "भंगार आहे, चल." मी मात्र तिथेच थांबलो. कॉईल जमिनीला घासेल इतकी खाली आणली, झोका वीतभराचा केला आणि त्याच जागेभोवती पाव चक्कर मारून आडव्या दिशेनेही तपासलं. टोन दोन्ही दिशांनी आला, बारीक पण गोलसर. वीतभराहून थोडं जास्त खणल्यावर पितळेचं बटण निघालं.

माझं मत स्पष्ट आहे. सिग्नल बारीक असेल तर आकड्याकडे बघूच नये. आकडा ठरतो तो वस्तूकडून परतणाऱ्या लहरीच्या फेजवरून, म्हणजे ती मूळ लहरीपेक्षा किती मागे पडते यावरून. वस्तू खोल असली की तिची फेज मातीतल्या लोहखनिजाच्या गोंगाटात मिसळते आणि मशीन अंदाजपंचे आकडे फेकायला लागतं. त्यामुळे मी दोनच गोष्टी बघतो: सिग्नल त्याच जागी परत परत येतो का, आणि आडव्या दिशेनेही टिकतो का. टिकला तर खणायचा.

गंजका खिळा
असहमत, आणि जोरात असहमत. एक बटण निघालं म्हणून तुम्ही धागा काढलात. जे खड्डे फुकट गेले त्यांचा धागा कोण काढतो?

तुमची आडव्या दिशेची कसोटी सरळ खिळ्यापुरती ठीक आहे. लांबुळका खिळा एका दिशेने चांगला वाजतो, नव्वद अंश फिरलं की तुटतो किंवा गप्प होतो, मान्य. पण वॉशर? बाटलीचं झाकण? पत्र्याचा गोल तुकडा? ते कुठूनही सारखेच वाजतात. लोखंड चपटं आणि रुंद असलं की त्यात फिरणारे भोवरा-प्रवाह (कॉईलमुळे धातूत उठणारे विजेचे गोल प्रवाह) इतके जोरकस होतात की मशीनला ते थेट चांदीच्या रांगेत दिसतं. म्हणजे तुमच्या चाळणीतून नेमका सगळ्यात बेरकी कचरा पास होतो. मी नियम ठेवलाय: दहा झोक्यांत आठ वेळा तरी आकडा एका छोट्या पट्ट्यात बसला पाहिजे. नसेल बसत तर पुढे. दिवस काही रबराचा नसतो.

दोन कॉईल
दोघंही 'बारीक सिग्नल' म्हणताय, पण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताय. जवळची चिमुकली वस्तूही बारीक वाजते आणि खोलवरची बऱ्यापैकी मोठी वस्तूही. आधी ते वेगळं करा.

वस्तू लहान आणि कॉईलपासून पुरेशी लांब असेल तर प्रतिसाद ढोबळमानाने अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. कॉईलचं चुंबकीय क्षेत्र खाली जाताना घनाने विरळ होतं, वस्तूचं उत्तर वर येताना पुन्हा घनाने. अंतर दुप्पट झालं की उरतो चौसष्टावा भाग. म्हणून सिग्नल सापडला की कॉईल चार बोटं वर उचलून पुन्हा झोका द्या. लगेच मेला तर वरच्या थरातली चिंधी. तग धरला तर खाली काहीतरी आहे.

गंजका खिळा
@दोन कॉईल, गणित छान आहे, पण सिग्नल आधीच ऐकू येण्याच्या काठावर आहे. चार बोटं उचलल्यावर खोलचाही मरणार. मग तुमच्या कसोटीने काय कळलं?

दोन कॉईल
बरोबर पकडलंत. चार बोटं जास्त झाली, एक बोट उचला. दोन सेंटिमीटर धरू. वस्तू ५ सेंटिमीटरवर असेल तर तेवढ्या उचलण्याने प्रतिसाद साडेसातपट घटेल. तीच २५ सेंटिमीटरवर असेल तर दीडपटीहून थोडा जास्त. कॉईलच्या अगदी जवळ हे प्रमाण इतकं काटेकोर राहत नाही, पण कानाला फरक कळतो: एक तोडून टाकल्यासारखा थांबतो, दुसरा हळूच विरतो. हेडफोन मात्र हवाच. मशीनच्या स्पीकरवर, वारा असताना, हा फरक ऐकू येत असल्याचा दावा कोणी करू नये.

नवशिकी
मध्येच विचारते, क्षमस्व. माझं मशीन सगळीकडेच कुजबुजतं! सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवली तर बारीक सिग्नल कुठला आणि बडबड कुठली हेच कळत नाही.

सावकाश
@नवशिकी, कॉईल जमिनीजवळ धरा आणि हात अजिबात हलवू नका. तरीही बडबड चालू राहिली तर ती जमिनीतली नाही. विजेच्या तारा, कुंपणाचा करंट, खिशातला मोबाईल, यांपैकी काहीतरी आहे. मोबाईल विमान मोडवर टाका, फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर बदला, तरी नाहीच थांबली तर सेन्सिटिव्हिटी शांत होईपर्यंत खाली आणा. हात थांबल्यावर गप्प आणि हलवल्यावर बडबड असेल तर दोष मातीचा. जवळपास धातू नसलेली जागा बघून कॉईल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स (मशीनला त्या मातीची सवय लावणं) करून घ्या, गुणगुण एकसारखी होईपर्यंत. पूर्ण सेन्सिटिव्हिटीवर गोंगाटात बुडालेल्या मशीनपेक्षा थोडं कमी केलेलं शांत मशीन खोलवरचं जास्त सांगतं.

गंजका खिळा
या प्रतिसादाला +१. धागाकर्त्याशी इतकंच जमेल असं दिसतंय.

ढेकूळ
जागेबद्दल कोणीच बोलत नाहीये. जिथे आधी दहा जण फिरून गेलेत, तिथले ठणठणीत सिग्नल कधीच उचलले गेलेत. उरलेत ते खोलवरचे, तिरके पडलेले किंवा लोखंडाखाली दडलेले. तिथे खिळेसाहेबांच्या 'दहापैकी आठ'च्या नियमाने दिवसभर फिरा, हात हलवत परत याल. उलट सहलीच्या मैदानात सावकाशरावांचा नियम लावला तर संध्याकाळी पिशवीत फक्त कॅनच्या कड्या. तिथे मी बारीक सिग्नलकडे ढुंकूनही बघत नाही.

लोखंडाने दुसऱ्या वस्तूचा आवाज दाबणं ही तर वेगळीच डोकेदुखी. खिळ्याखाली नाणं असेल तर नाण्याचा आवाज अर्धाच, चिरका, एकाच दिशेने येतो. तो आडव्या कसोटीतही नापास आणि आकड्याच्या कसोटीतही नापास. लहान कॉईल आणि संथ झोका, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आणि परवानगी नसलेली जमीन, संरक्षित स्थळ, जुनी युद्धभूमी इथे हा वाद लागूच होत नाही. पहिल्या दोन ठिकाणी खणायचंच नाही. तिसऱ्या ठिकाणी तो सिग्नल तोफगोळ्याचा असू शकतो.

जुनापुराणा
थोडं अवांतर. २ जुलै १८८१ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरात राहिली. ती शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं इंडक्शन बॅलन्सचं यंत्र, म्हणजे त्या काळचा मेटल डिटेक्टरच, घेऊन आले. चाचण्यांमध्ये यंत्र चाललं होतं. रुग्णावर धरल्यावर मात्र गोळीची नक्की जागा सांगेल असा आवाज मिळेना. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोधही तिकडेच झाला. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला निघाली.

सावकाश
बघा! सिग्नल नीट येत नव्हता म्हणून जागा बदलून, दिशा बदलून बघायला हवं होतं. आधीच मनात ठरवून शोधलं की हे होतं.

गंजका खिळा
वाह. मला तर यात लोखंडी स्प्रिंगांचा बारीक सिग्नल आणि त्यावर विसंबणारी माणसं दिसतात. गोष्ट एकच, आपापल्या सोयीची.

दोन कॉईल
भांडण पुरे. मला कोणी सांगेल का, 'खणणं' म्हणजे थेट तळापर्यंतच का? मी गवताचा चकता हलकेच उलटतो, आठ-दहा सेंटिमीटर माती काढतो आणि कॉईल पुन्हा खड्ड्यावर फिरवतो. वस्तू तेवढी जवळ आली की आकडा बहुधा कुठेतरी बसायला लागतो. लोखंडाकडे घसरला तर खड्डा बुजवून पुढे. दुसरं, पिनपॉइंट मोडने (वस्तूची नेमकी जागा दाखवणारी मशीनची सोय) दाखवलेली जागा आणि मूळ टोनची जागा यात चार बोटांचं अंतर पडलं तर लोखंडाचा संशय घ्यायचा. या दोन गोष्टींनी माझे निम्मे खड्डे वाचतात.

सावकाश
अर्धं खणणं मला पटतं, पण त्यातही एक खोच आहे. बरीच वर्षं पडून गंजलेल्या लोखंडाभोवतीची मातीही वाजते. ती माती हलवली की सिग्नल विस्कटतो किंवा गायबच होतो आणि माणूस म्हणतो, भूत होतं. म्हणून खड्डा गप्प झाला तर बाहेर काढलेल्या ढिगावर पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) फिरवल्याशिवाय उठायचं नाही. माझं एक छोटं शिशाचं वजन असंच ढेकळात अडकलं होतं, दोनदा हाताखालून गेलं. मी खड्डा खोल करत बसलो होतो.

गंजका खिळा
आठ-दहा सेंटिमीटरपर्यंतची तडजोड मला चालेल. त्यापुढे वाळलेल्या चिकणमातीत जाणाऱ्याने स्वतःच्या मनगटाची काळजी स्वतः घ्यावी.

ढेकूळ
एक सुचवतो. पुढच्या वेळी बारीक सिग्नल आला की खणण्याआधी वहीत लिहा: काय असेल, किती खोल असेल. नंतर खरं काय निघालं ते शेजारी. आपल्याला सापडलेली बटणं लक्षात राहतात आणि खिळे विसरायला होतात, हा मूळ घोळ आहे.

नवशिकी
मी आज केलं! पहिला अंदाज 'नाणं, खोल'. निघाला अॅल्युमिनियम फॉईलचा चुरगळलेला कपटा, तीन बोटांवर. एक बोट उचलल्यावर आवाज तोडल्यासारखा थांबला होता, तरी मी खणलंच.

गंजका खिळा
मीही केलं, चार जागा. पहिली: लिहिलं 'खिळा', निघाला खिळा. दुसरी: लिहिलं 'खिळा', निघाला वाकडा खिळा. तिसरी: लिहिलं 'झाकण', निघालं झाकण. चौथी: आकडा उड्या मारत होता, लिहिलं 'खिळा', निघाली तांब्याची अंगठी. पण तिला अर्धी धरा, कारण शेवटच्या दोन झोक्यांत आकडा जवळजवळ स्थिर झाला होता.

सावकाश
किती खोल होती?

गंजका खिळा
ते वहीत लिहायचं राहिलं.