अनुभव धागा: भूकंप जाणवला तेव्हा तुम्ही कुठे होता?

बाजेवाली
काल कूलर काढायला गच्चीवर गेले तर कोपऱ्यात बाबांची लोखंडी बाज दिसली आणि एकदम १९९७ आठवलं. २२ मे, जबलपूरचा भूकंप. तेव्हा आम्ही नागपुरात महाल भागात राहायचो. उन्हाळाभर अख्खी गल्ली गच्चीवर झोपायची. पहाटे चारच्या पुढं कधीतरी बाज फरशीवर टकटक करायला लागली. आई झोपेतच ओरडली, "काहून हलवून राहिला बे पोट्ट्या!" भाऊ तिकडे कठड्याशी ढाराढूर. मग जरा थांबलं. वाटलं संपलं, तर अशी लहर आली की टाकीतलं पाणी डचमळलेलं ऐकू आलं. सगळ्या गच्च्यांवर माणसं चादरी गुंडाळून उठून बसली. शेजारच्या काकूंनी रामरक्षा सुरू केली. घरमालक खालून "खाली या, खाली या" ओरडत होते, आणि जिना एवढा अरुंद की एका वेळी एकच माणूस उतरणार.
तो ५.८ चा होता म्हणतात. मग नागपुरात किती रिश्टर झाला? लिहा आपापले अनुभव.

मनीषनगर_सातवा_मजला
आमचा ताजा आहे. ४ डिसेंबर २०२४, सकाळी साडेसातच्या सुमारास. पोट्टीचा डबा भरत होते. हॉलमधला पंखा बंद असून झुलून राहिला होता. आधी वाटलं बीपी वाढला माझा. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "हललं का?" "हललं का?" वरच्या मजल्यांवरचे सगळे हो हो, आणि खाली वॉचमन म्हणे, "काय झालं मॅडम? मी तर इथंच उभा हाव."

तर्री_जास्त
मी झोपून होतो. भूकंप झाल्याचं सासूबाईंनी फोन करून सांगितलं. तो धक्का मात्र जाणवला.

दगडधोंडे
भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही. बाजेवाली ताई, नागपूरचा वेगळा रिश्टर नसतो. एका भूकंपाला मॅग्निट्यूड, म्हणजे त्याचा मूळ जोर, एकच. १९९७ चा ५.८ तो ५.८ च, जबलपुरात बसून मोजा की नागपुरात. गावागणिक बदलते ती तीव्रता, म्हणजे तिथं काय झालं ते: भांडी वाजली, भिंतीला तडा गेला, घर पडलं. ती १ ते १२ च्या मापात सांगतात. जबलपूरकडे ती आठपर्यंत गेली होती. झोपलेली बरीचशी माणसं जागी होणं हे पाचच्या आसपासचं लक्षण. तुमची गच्ची त्यात बसते.
सावजीच्या स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी एकच पडते. चुलीपाशी बसलेला खोकून खोकून बेजार होतो, ओसरीवरच्याला नुसता वास येतो. फोडणी म्हणजे मॅग्निट्यूड, खोकला म्हणजे तीव्रता.
डिसेंबरचा ५.३ तेलंगणातल्या मुलुगूचा, नागपूरपासून सरळ रेषेत तीनशे किमीच्या वर. एवढ्या लांबून येईतो बारीक थरथर विरते, संथ झुलणं उरतं, आणि त्यावर उंच इमारतीच जास्त डोलतात. वॉचमन खोटं बोलत नव्हता.

तर्री_जास्त
सर, सकाळी सकाळी सावजीचं नाव काढलं. आता पोह्यावर भागते का?

उमरेड_रोड
आमच्याकडे खिडक्या रोजच वाजतात, खाणीतलं ब्लास्टिंग. त्यामुळे मे २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यात लागोपाठ अडीच-पावणेतीनचे धक्के नोंदले गेले तेव्हा आमच्याकडे कोणी मानही वर केली नाही. पण पेपरात अडीच वाचलं की वाटतं पाचचा अर्धा. तसं असते का?

दगडधोंडे
छे. आकडा एकानं वाढला की यंत्रावरची लहर १० पट उंच आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन आकड्यांत ऊर्जा १००० पट. अडीच आणि ५.३ मधला फरक काढला तर साधारण १६ हजार पट भरतो. अर्धा कुठला!
आणि रिश्टर म्हणतो आपण सवयीनं. चार्ल्स रिश्टरनं १९३५ मध्ये ते माप दक्षिण कॅलिफोर्नियापुरतं, एका विशिष्ट यंत्रावर बसवलं होतं. मोठे भूकंप त्यात नीट मोजता येत नाहीत, आकडा एका जागी अडकतो. म्हणून मोठ्यांसाठी आता मोमेंट मॅग्निट्यूड: भेग किती लांब-रुंद फाटली, किती सरकली, खडक किती ताठ. पेपरवाले अजून रिश्टरच छापतात.

माहेर_लातूर
आकड्यांचं मला खरंच कळत नाही. किल्लारीचा ६.२ होता, जबलपूरचा ५.८. फार फरक दिसत नाही ना? जबलपूरला चाळीसच्या आसपास माणसं गेली, आमच्याकडे दहा हजारांच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाची माती. उन्हाळ्यात थंडगार म्हणून आम्ही मिरवायचो ती घरं. मावशीच्या घराचं माळवद पूर्ण खाली आलं, चौकटीत तांब्या तेवढा उभा होता. मावशी वाचली, काका नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ती पत्र्याखालीच झोपली, स्लॅबच्या घरात यायलाच तयार नव्हती.

बाजेवाली
ताई, काय बोलू. 🙏

दगडधोंडे
माहेर_लातूर, तुम्ही लिहिलं तेच कारण. किल्लारीचा उथळ होता, जबलपूरचा सुमारे ३५ किमी खोल. वर माळवदाचं ओझं. आणि तेव्हाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होती. पुढे २००२ च्या नकाशातून झोन एक काढूनच टाकला. नागपूर त्यात झोन दोनमध्ये आहे, म्हणजे उरलेल्यांत सगळ्यात खालचा. निवांत झोपा, पण बिल्डरला कॉलमचं विचारून घ्या.

मनीषनगर_सातवा_मजला
बिल्डर फोन उचलत नाही हो सर, लिफ्टचं विचारायला लावते तरी.
बाजेवाली, तुमची टकटक आणि मग थांबून लहर, ते दोनदा कसं आलं?

दगडधोंडे
भूकंप एकच, लहरी दोन. पी लहर पुढे पळते, ती बारीक टकटक. एस लहर मागून, सावकाश, पण हलवते तीच. दोघींमधल्या सेकंदांना ८ नं गुणलं की अंतर किमीत येतं, ढोबळ हिशेबानं. जबलपूर इथून साधारण २३५ किमी, म्हणजे मध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास. पोट्ट्याला शिव्या द्यायला आईला भरपूर वेळ होता.

बाजेवाली
😂 भावाला पाठवलं हे. म्हणतो, माफी मागायला सांग आईला.

खामल्याची_सून
सगळं वाचलं नाही, पण कूलरचा विषय निघाला म्हणून विचारते. ताट्या कुठं बदलून मिळतात? गेल्या वर्षीचा माणूस गावी गेला तो आलाच नाही.

तर्री_जास्त
इतवारीत जा, सकाळीच. खसची घ्या, लाकडी भुशाची घेऊ नका, महिन्यात बसते.