मदत हवी आहे: रायफलसाठी पहिला सप्रेसर, ७०० डॉलरच्या आत (टेक्सास)

नमस्कार. मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर नेमबाजीचा छंद लागला, त्याला आता सहा वर्षे झाली. माझ्याकडे दोन बोल्ट रायफली (प्रत्येक बारानंतर हाताने खिट्टी ओढून पुढची गोळी भरायच्या) आहेत. एक .२२ रिमफायरची, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची सीझेड ४५७, जिच्या नळीच्या तोंडाला कारखान्यातूनच १/२×२८ चे (अर्धा इंच व्यास, इंचाला २८) आटे पाडलेले आहेत. दुसरी जुन्या बाजारातून घेतलेली, मोठ्या ताकदीच्या .३०८ काडतुसाची रेमिंग्टन ७००, जिच्या नळीला आटेच नाहीत. सप्रेसर (नळीच्या तोंडावर बसवायचे, बाराचा आवाज कमी करणारे नळकांडे) आणि त्यासाठी करावी लागणारी इतर कामे, असे सगळे मिळून ७०० डॉलरपेक्षा अधिक खर्च करण्याची माझी तयारी नाही, आणि या रकमेत नेमके काय घ्यावे यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. सामान्य माणसाकडे बंदूक असावी की नसावी, यावर इथे पूर्वी भरपूर वाद झालेला आहे. तो विषय कृपया या धाग्यावर आणू नये.

गरज का निर्माण झाली, ते आधी सांगतो. गेल्या वर्षी डाव्या कानात सतत किर्र असा आवाज येऊ लागला, म्हणून श्रवणतपासणी करून घेतली, तेव्हा आलेखात ४००० हर्ट्झपाशी स्पष्ट खड्डा दिसला. तपासणाऱ्या बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो, मी बंदूक चालवतो का, आणि दुसरा, उजव्या खांद्याला लावतो का. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजव्या कानाला डोक्याची आड मिळते, त्यामुळे बहुधा डावा कान आधी जातो. मी कानात बोळे नेहमी घालतो. परंतु पहाटे रानडुकरांच्या वाटेवर बसताना चाहूल ऐकू यावी म्हणून ते काढून ठेवण्याचा मूर्खपणा मी चार-पाच वेळा केलेला आहे, आणि .३०८ चा बार उघड्या कानांनी एकदा जरी ऐकला, तरी दिवसभर दडे बसतात.

.३०८ चा आवाज साधारण १६५ ते १७० डेसिबलच्या घरात असतो, आणि अशा क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. सप्रेसरमुळे २० ते ३५ डेसिबल कमी होतात असे वाचले आहे. म्हणजे मोठी रायफल जेमतेम त्या रेषेच्या आसपास येते. चित्रपटात दाखवतात तसा ‘फुस्स’ आवाज तर मुळीच होत नाही. शिवाय .३०८ ची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने निघते, हवेतील ध्वनीचा वेग सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे गोळी हवा फाडत जाताना होणारा कडाड आवाज नळीच्या तोंडावर काहीही बसवले तरी राहणारच. तेव्हा माझी अपेक्षा शांततेची नाही, उरलेली श्रवणशक्ती टिकवण्याची आहे.

कायद्याची बाजू मी वाचून घेतली आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली सप्रेसरवर २०० डॉलरचा कर होता आणि तो नव्वद वर्षे तसाच राहिला. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आला आहे. (त्या काळच्या २०० डॉलरमध्ये काय काय येत असेल, याचा विचार केला म्हणजे हा कर कशासाठी लावला होता ते कळते.) कर गेला, नोंदणी मात्र गेलेली नाही: ‘फॉर्म ४’ हा मालकी नावावर करण्याचा अर्ज भरणे, बोटांचे ठसे, छायाचित्र, केंद्रीय खात्याची मंजुरी हे सर्व पूर्वीप्रमाणेच आहे, आणि मंजुरी येईपर्यंत पूर्ण पैसे मोजलेली वस्तू डीलरच्या तिजोरीत राहते. एकदा नावावर झालेला सप्रेसर आवडला नाही म्हणून परतही करता येत नाही; विकायचा झाला तरी पुन्हा तेच अर्जाचे सोपस्कार. चूक महागात पडणारी आहे, म्हणूनच आधी विचारतो आहे.

गावातल्या एका दुकानदाराने मला सरळ सांगितले की .३० च्या भोकाचा एकच सप्रेसर घ्या, .३०८ ला लावा आणि आटे जुळवणारा अडॅप्टर घेऊन .२२ लाही लावा, एका पैशात दोन कामे होतील. ऐकायला हे छान वाटले. पण घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा रेमिंग्टनच्या नळीला आटे पाडून घेण्याचे दीडशे डॉलर, अडॅप्टरचे पन्नास आणि खुद्द सप्रेसरचे पाचशे, असे सातशे तिथेच संपले. माझ्या यादीत सध्या यँकी हिल मशीनचा आर९ आणि त्याच कंपनीचा रेझोनेटर आर२ हे दोन आहेत, कारण दोन्ही पोलादी, मजबूत आणि किमतीने आवाक्यातले आहेत. टायटॅनियमचे सप्रेसर वजनाला हलके असतात हे ठाऊक आहे, पण त्यांच्या किमती पाहून मी तो विचार सोडून दिला.

वापर सांगायचा तर .२२ मी जवळपास दर शनिवारी चालवतो, एका बैठकीला शे-दीडशे गोळ्या. .३०८ वर्षातून सहा-सात वेळा बाहेर निघते आणि वीस गोळ्यांचे एक खोके दोन-दोन महिने पुरते. तर माझा प्रश्न असा: दुकानदाराचा ‘एकच सर्वांसाठी’ हा सल्ला योग्य आहे का? आणि नसेल, तर या दोन रायफलींपैकी आधी कोणत्या रायफलीचा सप्रेसर घ्यावा?

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न नीट मांडलेला आहे, त्यामुळे उत्तरही नीट देण्याचा प्रयत्न करतो. मी ओक्लाहोमात राहतो आणि माझ्याकडे तीन सप्रेसर आहेत, त्यांतला पहिला चुकीचा घेतलेला आहे.

दुकानदाराने सांगितले ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण त्याने तुम्हाला शिशाबद्दल काही सांगितलेले दिसत नाही. .२२ रिमफायरच्या गोळ्या बहुधा उघड्या शिशाच्या असतात, फार तर वरून तांब्याचा पातळ मुलामा असतो, आणि प्रत्येक बाराबरोबर शिसे, मेण आणि न जळलेली दारू आतल्या पडद्यांवर, म्हणजे बॅफलांवर, साचत जाते. म्हणून .२२ चे चांगले सप्रेसर खोलून साफ करता येतील असे बनवतात. तुमच्या यादीतले दोन्ही सप्रेसर वेल्डिंगने बंद केलेले आहेत. दर शनिवारी दीडशे गोळ्या या हिशेबाने वर्षभरात त्यात शिशाचा गोळा होईल. वजन वाढेल, आवाज वाढेल, आणि खरवडायला आत हात पोहोचणार नाही. .३०८ च्या उष्ण वायूने ते आपोआप जळून जाते असे काही जण म्हणतात, परंतु वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे गोळ्यांनी ते साफ होईल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरे, भोकाच्या मापाचे. सप्रेसरचे भोक गोळीपेक्षा जितके मोठे, तितका वायू निसटून पुढे जातो आणि तितका आवाज अधिक. आर९ चे भोक ९ मिलिमीटरच्या गोळीसाठी आहे; .३०८ वरसुद्धा ते थोडे सैल पडते, मग .२२ वर काय होईल याची कल्पना करा. याउलट खास .२२ साठी बनवलेला सप्रेसर आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाची, म्हणजे सेकंदाला ३२० मीटरच्या आसपासची काडतुसे एकत्र आली, की कडाडही राहत नाही. बोल्ट रायफलीवर तर घोडा पडल्याचा टक् आवाज आणि पलीकडे मातीवर गोळी आदळल्याचा आवाज तेवढा वेगळा ऐकू येतो. पहिली गोळी मात्र किंचित मोठ्याने वाजते, कारण आतल्या हवेत शिल्लक असलेल्या ऑक्सिजनमुळे वायू पुन्हा पेटतो. त्याने घाबरून जाऊ नका, दुसऱ्या गोळीपासून फरक पडतो.

आता रेमिंग्टनविषयी, कारण माझी चूक इथेच झाली होती. आटे पाडायला देण्यापूर्वी नळीच्या तोंडाचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा. .३० साठी प्रचलित आटे ५/८×२४ हे आहेत, म्हणजे आट्यांचाच व्यास ०.६२५ इंच झाला. सप्रेसर ज्या खांद्यावर टेकतो, तो खांदा या आट्यांच्या बाहेर उरलेल्या पोलादातून तयार होतो. शिकारी धाटणीच्या बारीक नळ्यांमध्ये तिथे नखाच्या जाडीएवढेही पोलाद उरत नाही, सप्रेसर सरळ टेकत नाही, आणि तो केसभर तिरका बसला तरी गोळी आतल्या पडद्याला घासून जाते. माझा पहिला सप्रेसर असाच गेला. पुढचे झाकण फुटून तीस पावलांवर पडले होते. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. तेव्हा नळी बारीक निघाली तर कारागिराशी ९/१६×२४ बद्दल बोला, आणि आटे पाडून आल्यावर सरळपणा तपासण्याची पोलादी सळई नळीत घालून, ती सप्रेसरच्या भोकातून बरोबर मध्यातून बाहेर येते का, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही गोळी चालवू नका. ती सळई पन्नास-साठ डॉलरला मिळते आणि तुमच्या हिशेबात ती धरलेली नाही.

एक इशारा, तुमच्यासाठी नव्हे तर इतर वाचकांसाठी: १/२×२८ हेच आटे .२२ रिमफायरवरही असतात आणि कितीतरी जोरकस अशा .२२३ च्या रायफलीवरही. रिमफायरचा नाजूक सप्रेसर .२२३ वर सहज चढतो, आणि फुटतोही.

माझे मत स्पष्ट आहे. आधी .२२ चा, खोलता येणारा, साधारण ३०० डॉलरच्या आतला सप्रेसर घ्या. नळीला आटे आहेतच, त्यामुळे दुसरा खर्च नाही. .३०८ वर्षाला सहा-सात वेळा चालवता, तिथे आतून बोळे आणि वरून इलेक्ट्रॉनिक इअरमफ अशी दुहेरी सोय करा. हे इअरमफ बारीक आवाज मोठा करून ऐकवतात आणि बार होताच बंद होतात, म्हणजे डुकरांची चाहूलही लागेल आणि बोळे काढण्याचा मोहही होणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त नोंदणीविषयी थोडे सांगतो. अर्ज केवळ स्वतःच्या नावाने केला, तर तुमच्या गैरहजेरीत तो सप्रेसर तुमच्या पत्नीच्या ताब्यात राहणे हाही कायद्याने गुन्हा ठरू शकतो. ट्रस्टच्या नावाने घेतल्यास सर्व विश्वस्तांना तो बाळगता येतो, मात्र त्यांतील प्रत्येकाचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते, आणि त्यांतील कोणी एच-४ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय नाव घालू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या बाबतीत विशेष लागू पडते. नोकरीनिमित्त न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाला जाण्याची शक्यता असेल, तर त्या दोन्ही राज्यांत सप्रेसर बाळगता येत नाही. न्यू यॉर्क आणि इलिनॉयमध्येही नाही. माझ्या एका मित्राला न्यू जर्सीतल्या एडिसनला बदली झाली तेव्हा दोन सप्रेसर टेक्सासमध्येच विकून जावे लागले, आणि जुन्या सप्रेसरला भाव काय मिळतो ते विचारू नका. भारतात नेण्याचा तर प्रश्नच नाही. तिथल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीच्या व्याख्येतच आवाज कमी करणारे साधन धरलेले आहे.

स्वस्तात मिळते म्हणून ‘सफाईचे साहित्य’ या नावाखाली परदेशातून येणाऱ्या नळकांड्या मागवू नका. नोंदणीशिवाय तसली वस्तू घरात सापडली, तर ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाला तुरुंगाच्या पलीकडचेही परिणाम भोगावे लागतील.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी कॅलिपर आणून नळीचे तोंड मोजले: ०.६५ इंच. म्हणजे ५/८ चे आटे पाडल्यावर खांद्यासाठी बाजूला इंचाचा जेमतेम ऐंशीवा भाग उरतो. त्या दुकानदाराने रायफल न पाहताच पाचशे डॉलरची वस्तू माझ्या गळ्यात मारली असती.

त्यामुळे .३०८ चा विचार या वर्षापुरता बाजूला ठेवला आहे. .२२ चा, खोलता येणारा सप्रेसर घेतो आणि उरलेल्या पैशांतून इलेक्ट्रॉनिक इअरमफ. पत्नीचे नागरिकत्व झालेले आहे आणि शनिवारी तीही सोबत येते, म्हणून ट्रस्टच करावा असे दिसते. आता फक्त एकच विचारायचे राहिले: आतले बॅफल ॲल्युमिनियमचे असलेले सप्रेसर बरेच स्वस्त आणि हलके दिसतात, पण शिसे काढण्यासाठी सगळे वापरतात ती अल्ट्रासोनिक सफाई आणि तीव्र द्रावणे ॲल्युमिनियमला चालतात का, की शंभरेक डॉलर अधिक घालून पोलादी बॅफलच घ्यावेत?

प्रतिसाद १ (पुन्हा)

पोलादीच घ्या. तीव्र द्रावणे ॲल्युमिनियमवरचा लेप खातात आणि अल्ट्रासोनिक टाकीत त्याला खड्डे पडू शकतात. ॲल्युमिनियम हाताने, मऊ हत्याराने खरवडावे लागते. पोलादी बॅफल टाकीत टाकून चहा प्यायला जाता येते. फक्त खोलण्यापूर्वी कोणता तुकडा कोणत्या क्रमाने होता त्याचे छायाचित्र काढून ठेवा, हातमोजे घाला, आणि शिशाचे ते काळे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका.

चारशे-पाचशे गोळ्यांनी एकदा खोलत जा. हजारापर्यंत थांबलात, तर बॅफल एकमेकांत असे चिकटतात की लाकडी दांड्याने ठोकून काढावे लागतात.