हाताला कळतं ते (अनुभव धागा)

काट्यावर किंवा घड्याळात सापडत नाही, बोटांना मात्र बरोबर कळतं, असं तुमच्या कामात काय आहे? कशावरून कळतं आणि चुकलं तर काय करता, तेही लिहा.

*

ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे पीठ एकमेकांना धरून राहण्याचा चिकटपणा. मळलेल्या गोळ्याचा तुकडा दोन बोटांत धरून ओढायचा. ताजं पीठ थोडं ताणलं जाऊन तुटतं, विरी गेलेलं ताणलं न जाता लगेच तुटतं. असं पीठ थापलं की कडा फाटतातच. उपाय उकळत्या पाण्याचा: निम्म्या पिठात आधण ओतून उलथन्याने हलवा, पाच मिनिटं झाका, मग उरलेलं पीठ घालून कोमट असतानाच मळा. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, चिकटपणा येतो तो गरम पाण्याने फुगलेल्या स्टार्चमुळे. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्या आणि तळव्याने रगडून रगडून मळा. बोटाने दाबल्यावर कडेला चीर पडली, तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. आणि तव्यावर वरून लावलेलं पाणी पूर्ण सुकायच्या आत भाकरी उलटा. सुकू दिलं की भेगा पडतात, मग फुगायचं विसरा.

*

वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकीच मातीतली ओल. वरची माती फसवते, म्हणून वीतभर खालची मूठभर घ्यायची. दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. भुगा झाला तर वाफसा आहे. नुसता चपटा झाला तर थांबा. गोळाच होत नसेल तर ओल उडालीय. काळ्या रानात ओल्यात नांगर घातला की ढेकळं निघतात, ती वाळल्यावर दगडासारखी होतात आणि कुळवाने फुटत नाहीत.

*

रव्याच्या लाडवाला एकतारी पाक. थेंब बशीत टाकून निवल्यावर अंगठा आणि तर्जनीत धरून उघडझाप करायची, एक तार न तुटता यायला हवी. पुढे गेला असेल तर दोन चमचे पाणी घालून परत एक उकळी.

*

लाकूड डोळे मिटून तपासा, डोळ्यांना ओरखडे चुकतात. 80, 120, 180 नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा घासलेला ओरखडा रंग लावल्यावरच उठून दिसतो. मग ओलसर फडक्याने पुसा. वाळलं की तंतू उभे राहून खरखर लागते, ती 220 ने हलक्या हाताने काढा. ही पायरी गाळली तर तीच खरखर पॉलिशच्या पहिल्या हातानंतर वर येते.