गाडी उभी असताना इंजिन थरथरते, रेस दिली की शांत होते: दोष कोठे शोधावा?

प्रश्न

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. गेल्या दोन महिन्यांपासून इंजिन गरम झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, टॅकोमीटरचा (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा) काटा ६०० आणि ९०० यांच्यामध्ये सतत खालीवर होतो आणि थरथर स्टिअरिंगपर्यंत जाणवते. पूर्वी हाच काटा ७५० च्या आसपास स्थिर असे. एक्सलरेटर थोडा दाबला की सगळे सुरळीत होते आणि धावत्या गाडीत कसलीही तक्रार राहत नाही. मेकॅनिकच्या सांगण्यावरून चारही स्पार्क प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, तरी फरक पडला नाही. मागच्या आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला. आता इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बदलावेत असे सुचवले जात आहे. तो खर्च करण्यापूर्वी दोष नेमका ओळखण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर १

तूर्त काहीही बदलू नका. पी०१७१ या कोडचा अर्थ एवढाच आहे की मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, आणि कंप्युटरने पेट्रोल वाढवून केलेली भरपाई ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली आहे. ऑक्सिजन सेन्सरने जे पाहिले ते हा कोड सांगतो. सेन्सर बिघडला असे तो सांगत नाही.

रेस दिल्यावर इंजिन शांत होते, हे आपले निरीक्षण या कोडपेक्षाही मोलाचे आहे. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरलेला असतो, तर बाहेर तो १०० च्या जवळपास असतो. त्यामुळे एखादा पाइप चिरलेला किंवा गॅस्केट (सांध्यातली चकती) दबून निकामी झालेले असेल, तर त्या फटीतून हवा जोराने आत ओढली जाते आणि एअर फ्लो सेन्सरच्या मोजणीत ती येतच नाही. या वेळी इंजिन एकूण हवाच थोडी घेत असते, म्हणून फटीतल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. थ्रॉटल उघडली की तीच फट नगण्य होते.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटरने पेट्रोलमध्ये केलेल्या वाढ-घटीची टक्केवारी, पाहा. इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगला तिच्या शॉर्ट टर्म (तात्कालिक) आणि लाँग टर्म (दीर्घकालीन) या दोन्ही आकड्यांची बेरीज लिहून घ्या, मग २५०० फेऱ्यांवर अर्धा मिनिट स्थिर धरून तीच बेरीज पुन्हा लिहा. आयडलिंगला मोठी असलेली बेरीज वरच्या फेऱ्यांवर शून्याकडे उतरली, तर दोष एअर लीकचा, म्हणजे वर सांगितलेल्या फटीचा, समजावा. ती वाढत गेली, तर पेट्रोलचा दाब किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर तपासावा लागेल.

उत्तर २

वरच्या सल्ल्याला एक पुस्ती जोडतो. एखादे सिलिंडर मिसिंग (मिसफायर) करत असेल, म्हणजे त्यात मिश्रण नीट पेटत नसेल, तर न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर त्यालाच लीन मिश्रण समजतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरची मिसफायर मोजणीही पाहावी. मोजणी एकाच सिलिंडरवर वाढत असेल, तर त्याची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहा. दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइल खराब आहे. लीक शोधण्यासाठी गरम इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत बरेच जण वापरतात, पण तो द्रव ज्वालाग्राही आहे आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, त्यामुळे मी ती कोणालाही सुचवत नाही. धुराची चाचणी (इनटेकमध्ये धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो ते पाहणे) करणारे गॅरेज मिळाले, तर तोच मार्ग उत्तम.

प्रश्नकर्ता

आयडलिंगला बेरीज अधिक २२ टक्के आली आणि २५०० फेऱ्यांवर अधिक ४. मिसफायर चारही सिलिंडरवर तुरळक आहेत, एकाच ठिकाणी नाहीत. लीक कोठून शोधायला सुरुवात करावी?

उत्तर १

हे आकडे एअर लीककडेच बोट दाखवतात. सुरुवात पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (इंजिनच्या तळातली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या झडपेच्या) रबरी पाइपापासून करा, कारण तेलाची वाफ आणि उष्णता यांमुळे हे रबर मऊ पडते आणि वळणाच्या खालच्या अंगाला, जेथे नजर जात नाही, तेथे चिरते. पाइप काढून हातात वाकवून पाहा. जागच्या जागी ठेवून वरून पाहिल्यास तो धडधाकट वाटतो. त्यानंतर पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह तपासा: आयडलिंगला त्याचा मॅनिफोल्डकडचा पाइप क्षणभर चिमटून बंद केल्यावर काटा स्थिर झाला, तर तो व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. ब्रेक बूस्टरचा पाइप आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट हे शेवटी पाहावे, कारण गॅस्केटसाठी बरीच खोलाखोल करावी लागते.

प्रश्नकर्ता

पीसीव्हीचाच पाइप निघाला. वळणाच्या खाली बोटाच्या पेराएवढी चीर होती आणि पाइप वाकवल्याशिवाय ती दिसत नव्हती. नवा पाइप बसवून कोड पुसला. चार दिवस गाडी चालवल्यानंतर आयडलिंगची बेरीज अधिक ३ आहे आणि काटा ७५० वर स्थिर आहे. एसी लावल्यावर मात्र सीटखाली बारीक थरथर अजून जाणवते.

उत्तर २

काटा स्थिर राहून थरथर जाणवत असेल, तर ती मिश्रणाची नसून बहुधा इंजिन माउंटिंगची, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांची, आहे. रबर फाटले किंवा खाली बसले आहे का, तेवढे पाहून घ्या.