विचारल्यावाचून सांगितलेली सुवार्ता

वसईचा मास्तर

गेल्या रविवारी ‘हर्णै बंदर’ यांनी येथे लिहिलेले टिपण वाचून मी दोन दिवस गप्प राहिलो, कारण उपवासकाळात कोणाशी भांडू नये असे आमच्या घरी शिकवले आहे. तिसऱ्या दिवशी मात्र राहवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: “गणपतीत शेजाऱ्याच्या घरचे मोदक खाता, नाताळात त्याच्याकडे करंज्या नेऊन देता, पण तीस वर्षांत एकदाही त्याच्यापुढे येशूचे नाव काढत नाही. न्यायाच्या दिवशी तो शेजारी तुमच्याकडे बोट दाखवील, तेव्हा काय उत्तर द्याल?”

मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचा शेवट मलाही पाठ आहे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा ही आज्ञा ज्याला वाटेल त्याने पाळावी अशी आहे, असे मी कधीही म्हटलेले नाही. पण त्याच नव्या करारात पेत्राचे पहिले पत्रही आहे, आणि त्याच्या तिसऱ्या अध्यायात, तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास तयार असा, आणि ते उत्तर सौम्यपणे द्या, असे सांगितले आहे. त्या वाक्यात आधी कोणीतरी विचारतो, हे आमचे उत्साही बंधू नेमके गाळतात.

माझी आई पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन दादरला जात असे. तिच्या शेजारी बसणाऱ्या फुलवालीचा तरुण मुलगा वारला, तेव्हा आईने तेरा दिवस आपल्या भाजीबरोबर तिची फुलेही विकली आणि रोजचे पैसे रुमालात वेगळे बांधून तिच्या घरी पोहोचवले. चौदाव्या दिवशी त्या बाईने विचारले, “तू माझ्यासाठी हे का केलेस?” आई म्हणाली, “आमच्या देवाने असेच केले होते.” माझ्या आईने आयुष्यभरात सांगितलेली सुवार्ता एवढीच, आणि ती बाई शेवटपर्यंत माळकरीच राहिली. आईच्या साक्षीत काही उणे होते असे मला वाटत नाही.

आमच्याकडे पोर्तुगीज १५३४ मध्ये आले आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. त्यानंतरची पावणेतीनशेहून अधिक वर्षे आम्ही कोणाच्याही राजसत्तेच्या आधारावाचून ख्रिस्ती राहिलो आहोत, तेव्हा आम्हाला भित्रे म्हणण्याआधी थोडा विचार करावा.

हर्णै बंदर

मास्तर, आपल्या आईंविषयी मला आदर आहे, पण त्यांची गोष्ट आपल्याच विरुद्ध जाते. ती बाई विचारत होती, दार उघडे होते, आणि आपल्या आईंनी उंबरठ्यावर एक वाक्य ठेवून टोपली उचलली. पौल रोमकरांस विचारतो की ज्याच्याविषयी लोकांनी ऐकलेच नाही त्याच्यावर ते विश्वास कसा ठेवतील, आणि सांगणाऱ्यावाचून ते ऐकतील तरी कसे? आपण मात्र ऐकणाऱ्यानेच आधी प्रश्न विचारावा अशी अट घालता.

माझे वडील दापोलीहून हर्णैला येणाऱ्या एसटीत खिडकीशी झिंगून बसले होते. शेजारच्या अनोळखी माणसाने उतरताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक लहानशी पुस्तिका सरकवली. त्यांनी ती मागितली नव्हती, त्यांना ती नकोही होती, आणि कित्येक महिने ती आमच्या फळीवर रॉकेलच्या बाटलीखाली पडून होती. एका पावसाळ्यात होड्या बंद असताना, करायला दुसरे काही नाही म्हणून त्यांनी ती वाचली. त्या दिवसानंतर माझ्या आईने मार खाल्लेला नाही. त्या माणसाने, मास्तर, तुमचा नियम पाळला असता, तर मी आज येथे वाद घालायला असतो की नाही, कोण जाणे.

आणि रेव्हरंड टिळकांचे काय? ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी सौम्य असेलही, पण पुस्तक देण्यासाठी तो थांबून राहिला नाही. मास्तर, आपल्याकडे सुवार्ता सातबाऱ्यावर वारसाहक्काने चढली आहे. आमच्याकडे ती एसटीने आली. म्हणून पत्रके वाटणाऱ्याची आपल्याला लाज वाटते आणि आम्हाला वाटत नाही.

देवगडचा बागायतदार

मी ख्रिस्ती नाही. ज्याला सुवार्ता सांगायची तो मीच, तेव्हा माझ्याविषयी चाललेल्या या चर्चेत मला चार शब्द बोलू द्यावेत.

माझी आई एका इस्पितळात अर्धांगाने पडून होती. मी औषधे आणायला खाली गेलो होतो, तेवढ्यात कोणत्याशा प्रार्थनागटातील दोन अनोळखी इसम तिच्या खाटेशी आले, त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि घरातले देव बाहेर काढल्याशिवाय हा आजार जाणार नाही असे तिला सांगितले. तिची वाचा गेली होती. मी परत आलो तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि आपल्या देव्हाऱ्याचे कोणीतरी काही करणार या भीतीने ती पुढचे दोन दिवस माझे मनगट सोडत नव्हती.

वादाला आम्ही भीत नाही. माणगावकडचे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, आणि ऐकायला गर्दी जमत होती. पण तेथे दोन्ही पक्ष उभे होते. माझी आई आडवी होती. आमच्या तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला स्वधर्मात परत घेण्यासाठी स्वतःच्याच समाजाचा रोष पत्करून उभे राहिले, ते तरी कशामुळे? लहान मुले आणि आजारी माणसे यांच्याकडे आधी जायचे ही तुमची जुनी रीत आहे, म्हणूनच ना?

हर्णै बंदर

आपल्या आईंच्या बाबतीत घडले ते चुकीचेच होते. त्या इसमांची बाजू मी घेणार नाही. परंतु दोघांच्या अपराधासाठी सगळ्यांचे तोंड बंद करता येत नाही, कारण घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे.

देवगडचा बागायतदार

आणि त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. कलम वाचावे तर निकालासह वाचावे.

निवृत्त बँकवाला, राजापूर

मी ख्रिस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंट आहे, आणि माझी तक्रार वेगळीच आहे. सुवार्ता सांगावी की सांगू नये हा वाद तुम्ही खुशाल घाला, पण जी सांगता ती ऐकणाऱ्याला कळते का, हे आधी पाहा. आमच्या मंडळीतील तरुणांनी बाजाराच्या दिवशी वाटलेल्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले होते, “येशूमध्येच तारण आहे.” मी बत्तीस वर्षे बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसलो. ते पत्रक घेऊन एक म्हातारी थेट माझ्याकडे आली आणि तिने विचारले, “भाऊ, यांचा व्याजदर तुमच्यापेक्षा कमी आहे काय?” ती थट्टा करत नव्हती. तिची पाटली आमच्याकडे गहाण होती.

‘नीतिमान ठरवणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘अभिषिक्त’ ही आपल्या घरातली भाषा झाली. बाजारात ती चालत नाही.

हर्णै बंदर

हा विषयाला फाटा आहे. पवित्र शास्त्राच्या भाषेला गांभीर्य आहे, आणि ते बाजारी बोलीत उतरवून घालवावे असे मला वाटत नाही. ‘तारण’ हा शब्द पंडिता रमाबाईंच्या पिढीला कळत होता.

वेंगुर्ल्याची सिस्टर

‘बाजारी बोली’ हा शब्द मागे घ्यावा. मी मालवणीत जन्मले, मालवणीत रडले आणि पस्तीस वर्षे रुग्णांशी मालवणीतच बोलले. शस्त्रक्रियेआधी आमचे डॉक्टर पुस्तकी मराठीत लांबलचक प्रार्थना करत, आणि टेबलावरचा माणूस माझ्याकडे वळून हळूच म्हणे, “सिस्टर, माका ह्या कायच कळाक नाय, माका जगवतलास मां?” त्या वेळी मी त्याचा हात धरून ‘होय’ म्हणत असे, आणि माझ्या मते वॉर्डात खरी प्रार्थना तेवढीच होत असे. येशू स्वतः गालिली उच्चारात बोलत असावा. त्याचा शिष्य पेत्र तर बोलण्यावरूनच ओळखला गेला, हे मत्तयानेच लिहिले आहे. मग गांभीर्य कोणाचे सांभाळता?

देवगडच्या भाऊंनाही सांगायचे आहे. आमच्या प्रार्थना ऐकणारा रुग्ण उठून जाऊ शकत नव्हता, ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनातही आली नव्हती. तुमचे वाचल्यावर आली. तिचे काय करावे, मला कळत नाही.

वसईचा मास्तर

सिस्टरांनी माझ्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्विट गोव्यात आले, येथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, ते ओवीत. परक्या माणसाने ऐकणाऱ्याची ओवी आधी आत्मसात केली आणि मग तोंड उघडले. आणि आम्ही? आमची सामवेदी बोली देवळाच्या पायरीवर काढून ठेवतो आणि आत जाऊन प्रमाण मराठीत उभे राहतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल लिहिले तेव्हा आमच्यातल्याच काहींनी कुरकुर केली की भाषा फार सोपी झाली. ज्या माणसाने ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले त्याला शुभवर्तमानाचा अर्थ कळला नसेल काय?

हर्णै बंदर

ख्रिस्तपुराणाचे कौतुक करताना त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही, म्हणजे चर्चचे धर्मचौकशीचे न्यायालयही, बसलेले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरता. सुंदर ओव्या एका हाती आणि न्यायासन दुसऱ्या हाती. आमच्या एसटीतल्या पुस्तिकेमागे कोणतीही सत्ता नव्हती. आणि आम्हाला भाषा शिकवण्याचा अधिकार कोणाला आहे हे तरी पाहा! आमच्याकडे १८२३ साली बाणकोटला स्कॉटिश मिशनरी उतरले ते शाळा काढत, आणि जॉन विल्सन मुंबईत स्थायिक होण्याआधी हर्णैलाच मराठी शिकले.

वसईचा मास्तर

इन्क्विझिशन मी विसरलो नाही. विसरणे आम्हाला परवडतही नाही, कारण ते आम्हाला दर चर्चेत ऐकवले जाते. फक्त एका ख्रिस्ती माणसाकडून ऐकण्याची आज पहिलीच वेळ. अभिनंदन.

अलिबागकर

विल्सनसाहेबांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या आजोळी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, घरे होती, लोक त्यांना शनवार तेली म्हणत. विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले. मूळ शास्त्र वाचता आले की ते ख्रिस्ताकडे येतील, हा त्यामागचा हेतू होता. ते हिब्रू शिकले, मूळ शास्त्र वाचू लागले, आणि बहुतेक सगळे पूर्वीपेक्षा पक्के यहुदी झाले. सांगणाऱ्याच्या हाती सांगण्यापुरतेच असते. हे हर्णैकरांनीही लक्षात ठेवावे, आणि जे न सांगण्याचे नियम करतात त्यांनीही.

हर्णै बंदर

हे मान्य आहे. ‘तारण’ शब्दाविषयीही मी विचार करीन, कारण व्याजदराच्या प्रश्नावर माझी पत्नी अजून हसते आहे. ‘बाजारी’ हा शब्द मागे घेतो. इस्पितळात कोणी बोलावल्याशिवाय जाणार नाही, हे आमच्या मंडळीत मी स्वतः मांडीन. पण एसटीतली पुस्तिका मी सोडणार नाही.

देवगडचा बागायतदार

सोडू नका. मला त्यावरून एक आठवले, आणि आठवल्यावर काल संध्याकाळी मी माळा चढून आलो.

माझे वडील हिशेबाला कागद विकत घेत नसत. आमच्या जुन्या वहीत कोणी तरी बंदरावर दिलेल्या पत्रकाची पाने खोचलेली आहेत, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर शाईने लिहिले आहे: “पाच डझनी पेट्या १४, चार डझनी ९, गवत उधार, करूळ घाटात ट्रक नादुरुस्त, ३ पेट्या काळ्या पडल्या.” इतकी वर्षे मी फक्त तीच बाजू पाहत आलो. काल पान उलटले. छापील बाजूला एका बापाची आणि दोन मुलांची गोष्ट आहे. धाकटा आपला वाटा घेऊन परगावी जातो, सगळे उधळतो आणि डुकरे राखून उपाशी परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी घालतो. थोरला शेतातून येतो, गाणीबजावणी ऐकतो आणि रागाने अंगणातच उभा राहतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. पुढचा भाग वडिलांनी फाडून काढला आहे, बहुधा पुढच्या वर्षीच्या हिशेबासाठी.

मी थोरला आहे. धाकट्याने मुंबईत काय केले ते येथे लिहीत नाही. बाग मी राखली. मला एवढेच विचारायचे आहे, की तो थोरला शेवटी आत गेला की नाही?

हर्णै बंदर

मास्तर, विचारले गेले आहे. आपल्या नियमाप्रमाणे आता पाळी आपली आहे.

वसईचा मास्तर

भाऊ, पान फाटले नसते तरी ते आपल्याला कळले नसते. बाप काय म्हणाला तेवढे लूकने लिहिले आहे, थोरल्याने काय केले ते लिहिलेले नाही. बापाचे शब्द मी आपल्याला वेगळे पाठवतो, आणि साध्या मराठीत पाठवतो.