दुसऱ्याची कृती आपल्याला मिरर न्यूरॉनमुळेच कळते का?

चेतासंधी
‘समोरच्याची कृती आपल्याला मिरर न्यूरॉनमुळे समजते’ हे वाक्य इतकं रुळलंय की त्यावर कुणी थांबतच नाही. माझा त्याला विरोध आहे. मेंदूत या पेशी आहेत, याबद्दल वाद नाही. वाद ‘मुळे’ या शब्दाशी आहे.

मूळ काम इटलीतल्या पार्मा विद्यापीठातलं, रिझोलात्ती आणि सहकाऱ्यांचं. माकडाच्या प्रीमोटर कॉर्टेक्समधला, म्हणजे हालचालीची आखणी करणाऱ्या पट्ट्यातला, एफ५ हा भाग. 1996 च्या निबंधात 532 पेशी नोंदवल्या होत्या, त्यातल्या 92 मिरर निघाल्या, म्हणजे करताना आणि पाहताना दोन्ही वेळा फायर होणाऱ्या (विद्युत संदेश सोडणाऱ्या). माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी फायर होतात आणि प्रयोगकर्त्याने उचललेली पाहिली तरी. पण या 92 पैकी जेमतेम 30 टक्के पेशींमध्येच केलेली आणि पाहिलेली कृती नेमकी जुळत होती. उरलेल्या बहुतेकींचं जुळणं ढोबळ: स्वतः करताना एकच पकड चालते, पाहताना दोन-तीन कृती चालतात.

दुसरा मुद्दा अप्रॅक्सियाचा, म्हणजे हातात ताकद असूनही शिकलेली कृती नीट न जमण्याचा. डाव्या गोलार्धाला इजा झालेल्या काही रुग्णांना हातात दिलेला कंगवा नीट वापरता येत नाही, पण दुसरा माणूस केस विंचरतोय की दात घासतोय हे ते बिनचूक सांगतात. कृतीचा आराखडा बिघडूनही ओळख शाबूत राहते. मग ओळख त्या आराखड्यावर उभी आहे असं कसं म्हणायचं?

पकड_आणि_हेतू
जुळणं ढोबळ असणं हा दोष धरताय, मला तीच खरी बातमी वाटते. या पेशी स्नायूंची हालचाल मोजत नाहीत, उद्दिष्ट मोजतात. 2008 चा पक्कड या अवजाराचा प्रयोग बघा. साधी पक्कड मूठ आवळली की वस्तू धरते. उलटी पक्कड मूठ उघडली की धरते. माकडांना दोन्ही शिकवल्या. एफ५ मधली जी पेशी साध्या पकडीला मूठ आवळताना फायर व्हायची, तीच उलट्या पकडीला मूठ उघडताना फायर झाली. बोटांची हालचाल पूर्ण उलटी, पेशीसाठी काम एकच: धरणं.

पाहण्याच्या बाजूने 2001 चा पडद्याचा प्रयोग. वस्तू आधी दाखवली, मग पडदा लावला, हात पडद्याआड गेला. पकड दिसतच नाही, तरी तपासलेल्यांपैकी निम्म्या पेशी फायर झाल्या. पडद्यामागे वस्तू नाही हे माकडाला माहीत असताना तोच हात तसाच गेला, तर त्या गप्प राहिल्या. डोळ्यांना दोन्ही वेळा दिसलं सारखंच, म्हणजे हा निव्वळ दृश्याला दिलेला प्रतिसाद नव्हे.

अप्रॅक्सियाबद्दल: तुम्ही सुटे रुग्ण घेताय. गट म्हणून पाहिलं तर करण्याची आणि ओळखण्याची अडचण बरेचदा सोबत येते.

सवयीचा_धागा
दोघंही या पेशी जन्मजात तयार असल्यासारखं बोलताय, तिथे मी अडतो. 2007 मध्ये टीएमएस (डोक्याबाहेरून मेंदूला दिलेला चुंबकीय झटका) वापरून एक सुरेख प्रयोग झाला. कॉइल मोटर कॉर्टेक्सवर (मेंदूच्या स्नायू हलवणाऱ्या भागावर) धरून एक झटका द्यायचा आणि हाताच्या स्नायूत उमटणारा विद्युत प्रतिसाद मोजायचा. तर्जनी हलताना पाहिली की तर्जनीच्या स्नायूचा प्रतिसाद वाढतो, करंगळी पाहिली की करंगळीच्या. मग लोकांना उलटा सराव दिला: तर्जनी दिसली की स्वतःची करंगळी हलवायची, करंगळी दिसली की तर्जनी. सरावानंतर पारडं फिरलं. करंगळी पाहताना तर्जनीचा स्नायू जास्त तयार होऊ लागला!

समजण्यासाठी बनलेली खास यंत्रणा इतक्या थोड्या सरावात उलटत असेल, तर तिच्या मुळाशी ‘पाहिलं आणि केलं’ यांची गाठ असावी. आपले हात आपण सतत पाहत हलवतो, गाठ पडायला तेवढं पुरतं.

पुनर्वसन_टेबल
या वादाचा थेट परिणाम उपचारावर होतो म्हणून लिहितो. पक्षाघातानंतरच्या दोन पद्धती लोक एकच समजतात. मिरर थेरपीत आरसा शरीराच्या मध्यरेषेवर उभा असतो, अधू हात त्यामागे, आणि रुग्ण चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहतो. कृती-निरीक्षणात दुसऱ्या माणसाचा व्हिडिओ असतो: पेला धरणं, उचलणं, ओठांशी नेणं, असे सुटे टप्पे. प्रत्येक टप्पा पाहून लगेच स्वतः करायचा. पहिल्या पद्धतीच्या नावात ‘मिरर’ आहे तो काचेचा, न्यूरॉनचा नाही.

चुकतं कुठे? आरसा जरा तिरका झाला की प्रतिबिंब अधू हाताच्या जागी बसत नाही आणि भास तुटतो. चांगल्या हातात अंगठी किंवा घड्याळ राहिलं तरी तेच, म्हणून ते आधी काढून घ्यायचं. व्हिडिओच्या पद्धतीत पाहणं आणि करणं यांत खंड पडला की सत्र वाया जातं. डाव्या बाजूचं भानच नसलेल्या रुग्णाला व्हिडिओचा पडदा उजवीकडे सरकवून द्यावा लागतो. कृती-निरीक्षणाचा फायदा मिळण्यासाठी ‘समज’ सिद्ध व्हायची गरज नाही. पाहिल्याने मोटर कॉर्टेक्स तयार होतो, एवढं कामाला पुरतं.

चेतासंधी
पुनर्वसन_टेबल, ही फोड फार महत्त्वाची आहे, आभार.

पकड_आणि_हेतू, पडद्याच्या प्रयोगात वस्तू तिथे आहे हे माकडाला *आधीच ठाऊक* होतं. म्हणजे अर्थ दुसरीकडे लागला आणि एफ५ पर्यंत पोचला, असंही वाचता येतं. सुपीरियर टेम्पोरल सल्कस या मेंदूच्या बाजूच्या खाचेतल्या पेशी पाहिलेल्या कृतीला प्रतिसाद देतात, पण स्वतःची हालचाल त्या चालवत नाहीत. अर्थ तिथून निघत असेल.

आणि 2016 चा अभ्यास: जन्मतः हात नसलेल्या किंवा फारच आखूड असलेल्या 5 व्यक्तींनी हाताच्या कृती इतरांइतक्याच वेगाने आणि अचूक ओळखल्या.

पकड_आणि_हेतू
हात नसले तरी उद्दिष्ट असतंच. 2007 मध्ये अशाच दोन व्यक्तींचं एमआरआय झालं. हाताची पकड पाहताना त्यांच्या मेंदूत पाय आणि तोंड हलवणारे भाग जागे झाले, म्हणजे ‘धरणं’ त्यांनी पायात उतरवलं. शिवाय 2014 मध्ये प्रीमोटर कॉर्टेक्सचा हाताचा भाग टीएमएसने काही काळ मंदावला, तेव्हा हाताच्या कृती ओळखण्यात चुका वाढल्या. ओठांचा भाग मंदावला तेव्हा तोंडाच्या कृतींत वाढल्या. ही नुसती जोडी नाही, हा कार्यकारणाचा पुरावा आहे.

चेतासंधी
2014 चा पुरावा मानतो. त्यापुरता ‘काहीच वाटा नाही’ असा माझा दावा नाही. पण ओळख *घसरली*, गेली नाही. बाकी मेंदूला कृती कळतच होती. हातभार आणि आधार यांत मी फरक करतो.

पकड_आणि_हेतू
टीएमएसचा परिणाम अर्धवट आणि तात्पुरता, तोही एकाच बाजूला. त्यातून पूर्ण लोप दिसेलच कसा? 2001 मध्ये माकडाच्या एफ५ मध्ये मस्सिमॉल हे पेशी गप्प करणारं रसायन टोचून तो भाग बंद केला होता. छोटी वस्तू उचलण्याआधी बोटं तिच्या आकाराची होईनात. पण समोरच्याची पकड माकडाला ओळखू येते का, हे त्यात तपासलंच नव्हतं. तेच इंजेक्शन दोन्ही बाजूंना द्या, नंतर पडद्याची कसोटी लावा, आणि माकडाची नजर हात पोचण्याआधी वस्तूच्या जागी जाते का ते मोजा. नजर आधीसारखीच पुढे धावली, तर मी तुमच्या बाजूला येईन.