गूळ पावडरीसाठी म्हैसूरच्या प्रयोगशाळेशी करार कसा करायचा?

भोगावती_काठ:
आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, करवीर तालुक्यात. दोन गुऱ्हाळं मिळून गूळ पावडर काढतो, हायड्रॉस म्हणजे रंग उजळायची पूड न घालता. उन्हाळ्यात माल एकदम सुट्टा. मिरगाचा पाऊस लागला की पुडीचा दगड. शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं गेल्या साली पोतं परत धाडलं, वर "सोबत खलबत्ताबी द्या" म्हणाला.
परवाच्या मीटिंगमध्ये ठरलं, म्हैसूरच्या सीएफटीआरआयशी, म्हणजे अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेशी, सामंजस्य करार करायचा. ती केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची, सीएसआयआरची प्रयोगशाळा. आमच्यासारख्यांना दारात तरी उभं करतील काय? कुणी केलंय का हे?

तांबडा_पांढरा:
करार, शाल-नारळ, पेपरात फोटो, मग फाईल कपाटात. त्यापेक्षा पिशवी जाड घ्या.

जुनं_चुलाण:
दारात उभं करतात. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांची पावडर करायची रीत सीएफटीआरआयनंच काढली आणि ती बाजारात आणली अमूलनं, म्हणजे दूधवाल्यांच्या सहकारी संघानं. त्यामुळं शेतकऱ्यांची कंपनी म्हणून बिचकू नका. पण "भागीदारी करायची आहे" असं पत्र पाठवलंत तर समोरच्याला तुमचं नेमकं काय अडलंय ते कळणारच नाही.
तुमचा प्रश्न एका ओळीत बसवा: पावडर काहिलीत बिघडते की पिशवीत? रसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली की ती हवेतलं पाणी ओढते. ऊस तोडून तीन दिवस पडला, रसाचा आंबटपणा मारायला घालतात तो चुना कमी पडला, की हे होणारच. मग पिशवी कितीही जाड घ्या. उलट काहील १२० अंशांच्या आत उतरवली तर पावडरीत मुळातच पाणी जास्त राहतं. तुम्ही थर्मामीटर लावता की गुळव्या पाण्यात गोळी टाकून बघतो?
एवढं कळायला करार लागत नाही. फी भरून नमुना तपासून घ्यायचा, त्याला ते तांत्रिक सेवा म्हणतात. त्यातून गाठ सुटली नाही तर शास्त्रज्ञाचा सल्ला पैसे भरून घेता येतो. त्याच्या पुढं प्रायोजित प्रकल्प, म्हणजे खर्च तुमचा आणि काम त्यांचं. सहयोगी प्रकल्पात दोघांचा पैसा, दोघांची माणसं. आणि त्यांच्याकडं तयार असलेलं तंत्रज्ञान हवं असेल तर परवाना घ्यायचा. बोलायचं त्यांच्या तंत्रज्ञान हस्तांतरण विभागाशी. शास्त्रज्ञाचा फोन नंबर शोधत बसू नका. अंदाजपत्रक लेखी येतं, जीएसटी वेगळा धरा.
आता माझं गाढवपण सांगतो. ऐन जुलैत एका प्रयोगशाळेला पावडर धाडली, कॅरीबॅगेत बांधून, वर दैनिकाचं पान गुंडाळून. पोचेपर्यंत तिची ओली माती झाली. अहवालात ओलाव्याचा आकडा बघून मी त्यांनाच फोनवर झापलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "आम्ही आलेला नमुना तपासतो, तुमच्या गुऱ्हाळातला नाही." फी गेली ती गेलीच.

भोगावती_काठ:
थर्मामीटर नाही. गुळव्या बोटानंच बघतो, आणि त्याला विचारायची कुणाची टाप नाही. एक शंका. उकळत्या रसावरची मळी काढायला भेंडीबरोबर आम्ही आणखी एक पाला वापरतो, वडिलांपासून चालत आलेला. तो सांगावा लागंल का?

जुनं_चुलाण:
तपासणीपुरता नाही. सल्ला किंवा प्रकल्प ठरला तर सांगावाच लागेल, पण आधी गोपनीयतेचा करार करा. आणि जे नवं निघेल त्याची मालकी कुणाची, पेटंट कुणाच्या नावावर, हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या. मागाहून या विषयावर कुणी गोड बोलत नाही. परवाना घेतलात तरी तो बहुतेकदा एकट्याला मिळत नाही, तेच तंत्र उद्या सांगलीवाला घेऊन आला तर आरडाओरडा नको. अजून एक, तपासणीच्या अहवालावरून पुडीवर प्रयोगशाळेचं नाव छापायचं नाही. तुमच्यातल्या एखाद्या संचालकाच्या डोक्यात ते नक्की असणार.

रंकाळा_चौपाटी:
म्हैसूरच्या आधी राहुरी विद्यापीठाचं ऊस व गूळ संशोधन केंद्र गाठा की. आपल्या कोल्हापुरातच आहे. चुना आणि तापमानाचं तिथंच मिटलं तर रेल्वेचं तिकीट वाचलं.

जुनं_चुलाण:
हे मीच आधी सांगायला पाहिजे होतं.

भोगावती_काठ:
संचालकांच्या ग्रुपवर टाकलं. पुडीवर नाव छापायचं खरंच ठरलं होतं, डिझाईनसुद्धा तयार आहे! आता गुऱ्हाळं बंद आहेत. दसऱ्यानंतर चुलाण पेटलं की दोन आधणांचा, म्हणजे दोन काहिलींचा, माल वेगवेगळा काढतो, एक त्याच दिवशी तोडलेल्या उसाचं, एक तीन दिवस पडलेल्याचं. थर्मामीटर मागवलाय. गुळव्याला अजून सांगितलेलं नाही.

तांबडा_पांढरा:
आणि नमुना काचेच्या बरणीत, झाकणाला मेण लावून. दैनिकात नको.